सिस्टर, महापौर आणि दोन बेटं

मित्रांनो, एक छोटी परीक्षा घेतो. मार्क नाहीत, घाबरू नका. राजकारणात गेलेला एक डॉक्टर सांगा. सगळ्यांचे हात वर. एक वकील सांगा. पुन्हा सगळे हात वर. एक इंजिनिअर? शेवटच्या बाकावरूनसुद्धा उत्तर येईल, कारण आपल्या बिरादरीचा प्रश्न आहे. आता राजकारणात गेलेली एक नर्स सांगा.

शांतता. होस्टेलवर मी हाच प्रश्न टाकला तेव्हा एकाने "सिनेमातली चालेल का?" असं विचारलं. म्हणून हा लेख.

आकडे बघितले तर ही शांतता विचित्र वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जगभरातल्या परिचारिकांवर एक अहवाल काढला. त्यानुसार जगात परिचारिका आहेत सुमारे २ कोटी ७९ लाख. आरोग्यक्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त याच, आणि त्यातल्या दहात नऊ बायका. म्हणजे दवाखाना नावाची जी काही यंत्रणा आहे, तिचा सगळ्यात मोठा भाग ज्यांनी बनतो, त्या निर्णयाच्या टेबलावर जवळजवळ दिसतच नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड सगळा एका बीमवर आणि डिझाईन करताना त्या बीमला कुणी विचारलंच नाही.

तरी उदाहरणं आहेत. त्यातली दोन मी निवडली. एक आपल्या महाराष्ट्रातलं आणि एक पार सातासमुद्रापलीकडचं. गंमत अशी की दोन्ही बेटांवरची आहेत.

पहिलं बेट म्हणजे मुंबई. आता तुम्ही म्हणाल मुंबई कुठली बेट? अहो, भूगोल आठवा. सात बेटं भर टाकून टाकून जोडली तेव्हा कुठे ती एक झाली, आणि आजसुद्धा मुंबई शहर बाकी महाराष्ट्राला पुलांनीच जोडलेलं आहे. नंदीग्राम किंवा देवगिरी एक्सप्रेसने गेलेल्यांनी ठाण्याची खाडी बघितली असेलच, जागे असाल तर!

या शहराच्या महापौरपदी २२ नोव्हेंबर २०१९ रोजी किशोरी पेडणेकर बिनविरोध निवडून आल्या. शिवसेनेच्या, लोअर परळ भागातल्या नगरसेविका. राजकारणात येण्याआधी त्या परिचारिका होत्या. निवडून आल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी हे एका ओळीत लिहून सोडून दिलं. खरंय, तेव्हा त्यात बातमी काय होती? राज्यात सरकार कुणाचं येणार याचाच पत्ता नव्हता, रोज नवीन ब्रेकिंग न्यूज. एक महापौर पूर्वी काय करत होत्या याच्याशी कुणाला देणंघेणं असणार?

चारच महिन्यांत ती एक ओळ बातमी झाली. मार्च २०२० मध्ये मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि महिना संपायच्या आत वरळी कोळीवाडा सील झाला. वरळी आणि लोअर परळ महापालिकेच्या एकाच विभागात, जी दक्षिणमध्ये, येतात. म्हणजे आग लागली ती महापौरांच्या स्वतःच्या अंगणात. दवाखान्यांमध्ये परिचारिकाच आजारी पडू लागल्या, घरचे लोक त्यांना ड्युटीवर जाऊ देईनात, घरमालक जागा सोडा म्हणू लागले. आणि योगायोग बघा, तेच २०२० साल जागतिक आरोग्य संघटनेने "परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष" म्हणून आधीच जाहीर करून ठेवलं होतं, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं होत होती. वर्ष साजरं कसं झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. थाळ्या वाजवून.

२७ एप्रिल २०२० रोजी पेडणेकरबाई परिचारिकेचा गणवेश घालून महापालिकेच्या नायर हॉस्पिटलमध्ये गेल्या. तिथे शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या परिचारिकांना भेटल्या, त्यांच्याशी बोलल्या. तो फोटो देशभर गाजला. कौतुक झालं तसं "फोटोसाठी सगळं" असंही झालं.

माझं मत विचाराल तर फोटोसाठी होतंच, आणि त्यात वाईट काही नाही. राजकारणी माणूस रोज कशाचा ना कशाचा फोटो काढतोच. फीत कापतो, नारळ फोडतो, फावडं हातात धरतो (आणि धरताना उलटं धरतो). इथे निदान जो गणवेश अंगावर होता तो अंगाला माहीत होता. घाबरलेल्या विशी-बाविशीतल्या मुलींसमोर शहराची पहिली नागरिक त्यांच्याच कपड्यांत उभी राहते, याचा काय परिणाम होतो ते त्या मुलींनाच विचारावं. बाहेर बसून आपण हसू नये. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये बाईंना स्वतःलाही करोना झाला.

पण एवढ्यावर थांबलो तर हा लेख म्हणजे नुसती हार घालण्याची कामगिरी होईल. खरा प्रश्न वेगळा आहे. महापौर म्हणून एक नर्स त्या साथीत करू काय शकत होती?

इथे थोडा नागरिकशास्त्राचा तास घ्यावा लागेल, कंटाळू नका. मुंबई महापालिका चालते १८८८ सालच्या कायद्यावर. होय, अठराशे अठ्ठ्याऐंशी! या कायद्याने कारभाराचे, म्हणजे अंमलबजावणीचे, अधिकार दिले आहेत महापालिका आयुक्तांना. आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला सनदी अधिकारी. पैशाच्या चाव्या आहेत स्थायी समितीकडे. आणि महापौर? महापौर सभागृहाच्या बैठकीचं अध्यक्षस्थान भूषवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मिरवतात. मुदत अडीच वर्षं. २०२०-२१ सालचा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ३३ हजार कोटींच्या वर होता. त्यातला एक रुपया महापौरांच्या एकट्या सहीने हलत नाही. न्यूयॉर्क किंवा लंडनचा महापौर आणि आपला महापौर, शब्द एकच पण मशीन वेगळं. तिकडचा महापौर म्हणजे इंजिन, आपला म्हणजे बॉनेटवरचा लोगो. (पूर्वी गाडीवर लाल दिवा तरी असायचा, २०१७ मध्ये तोही गेला.)

आपल्या परभणीची महानगरपालिका २०११ सालची. तिला १८८८ चा नाही तर १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागतो. पण सांगाडा तोच. काम आयुक्तांचं, मान महापौरांचा. तेव्हा "आमच्या गल्लीतली नाली तुंबली" म्हणून महापौरांच्या नावाने शिमगा करणाऱ्यांनी पत्ता तपासून घ्यावा.

आता यात गंमत कुठे आहे ती सांगतो. दवाखान्यात नर्सचं स्थान काय असतं? औषध लिहायचा अधिकार तिला नाही. ऑपरेशन करायचं की नाही, पेशंटला घरी सोडायचं की नाही, हे ती ठरवत नाही. कागदावर बघितलं तर तिच्या हातात काहीच नाही. आणि प्रत्यक्षात? रात्री दोन वाजता वॉर्डात डॉक्टर नसतो, ती असते. सलाईन संपत आलं, पेशंटचा श्वास बदलला, हे आधी तिला कळतं. नवीन डॉक्टर चुकीचा डोस लिहितो तेव्हा "सर, एकदा बघून घेता का?" असं ती इतक्या अदबीनं म्हणते की डॉक्टरचा मानही राहतो आणि पेशंटही. अधिकार नसताना काम करून घेणं हा तिचा रोजचा धंदा. मला वाटतं, म्हणूनच बिनअधिकाराच्या खुर्चीत बसल्यावर इतर लोक जसे नुसते हारतुरे घेत बसतात तसं या बाईंचं झालं नाही. रस्त्यावर, कोविड सेंटरमध्ये, टीव्हीवर, सगळीकडे त्या दिसत राहिल्या. कधी कधी जरा जास्तच बोलल्या, हेही खरं.

चित्र पूर्ण व्हावं म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, करोनाकाळातल्या मृतदेहांच्या पिशव्यांच्या खरेदीवरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जो गुन्हा नोंदवला त्यात त्यांचंही नाव होतं. आरोप त्यांनी नाकारले. गुन्हा नोंदवणं आणि गुन्हा सिद्ध होणं यातला फरक आपण सगळे जाणतोच. नर्स असली की माणूस राजकारणाच्या चिखलातून कोरडा निघतो, असा काही नियम नाही, एवढंच इथे नोंदवतो.

आता दुसरं बेट. बार्बाडोस. नाव ऐकलंय ना? ऐकलं नसेल तर २९ जून २०२४ ची रात्र आठवा. ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, आणि रोहित शर्मा खेळपट्टीवरची माती चिमटीत घेऊन तोंडात टाकतोय. तेच ते बार्बाडोस. आपल्या वडिलांच्या पिढीला ते गॅरी सोबर्स आणि माल्कम मार्शलचं गाव म्हणून माहीत आहे, आणि १९७१ मध्ये गावसकरने तिथे नाबाद ११७ केले होते म्हणून.

हा देश किती मोठा? क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर. आपला परभणी जिल्हा, हिंगोली वेगळा झाल्यानंतरसुद्धा, सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर भरतो. लोकसंख्या पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत एकट्या परभणी शहराची लोकसंख्या होती ३ लाख ७ हजार. म्हणजे आपलं शहर उचलून समुद्रात ठेवलं, त्याला झेंडा दिला, राष्ट्रगीत दिलं, पंतप्रधान दिला आणि चार फास्ट बोलर दिले की बार्बाडोस तयार.

या देशात १९१६ साली रूथ निटा बॅरो जन्मली. वडील धर्मोपदेशक, बंडखोर स्वभावाचे. मामा राजकारणात. आणि भाऊ एरॉल बॅरो म्हणजे १९६६ साली स्वतंत्र झालेल्या बार्बाडोसचा पहिला पंतप्रधान. तेव्हा "गरीब नर्स ते गव्हर्नर" अशी फिल्मी कथा ही नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात राजकारण होतंच. पण निटाबाईंनी ते धरलं नाही. त्या बार्बाडोसच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, मग टोरोंटोला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकल्या. पुढे शेजारच्या जमैकात त्यांनी परिचारिकांना शिकवलं, तिथल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये त्या मेट्रन झाल्या आणि नंतर देशाच्या मुख्य परिचर्या अधिकारी. त्या काळात कॅरिबियन बेटांवर नर्स स्थानिक असायची आणि मेट्रन इंग्लंडहून यायची. हे लक्षात घेतलं की त्या मेट्रनच्या खुर्चीचं वजन कळतं.

यानंतरचा भाग आपल्या मराठी माणसाला माहीत असायलाच हवा, आणि नेमका तोच कुणाला माहीत नाही. सत्तरच्या दशकात निटा बॅरो जिनिव्हाला गेल्या. जागतिक चर्च परिषदेचं 'ख्रिश्चन मेडिकल कमिशन' म्हणून एक छोटं कार्यालय होतं, त्यात आधी सहसंचालक आणि मग १९७५ पासून संचालक. या कार्यालयाच्या लोकांना एक प्रश्न छळत होता. मोठमोठे मिशन हॉस्पिटल बांधून झाले, तरी आजूबाजूच्या खेड्यांत लोक त्याच त्याच आजारांनी मरतात, हे का? उत्तर शोधताना ते जगभर जिथे काही वेगळं चाललंय ते बघत होते. आणि त्यांना सापडलेल्या ठिकाणांपैकी एक होतं जामखेड.

हो, आपलं जामखेड! परभणीहून निघालं की बीड ओलांडलं की आलंच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. पहिल्यांदा त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून बघितल्या. जमलं नाही. एकटी, परगावची, तरुण मुलगी गावात राहणार कशी आणि तिचं ऐकणार कोण? मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, लसीकरण, पोषण शिकवलं. त्या बायकांनी जे करून दाखवलं ते १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात छापून आलं. १९७८ मध्ये आल्मा-आटाला जगातले देश जमले आणि "प्राथमिक आरोग्य सेवा" हा शब्द सरकारी झाला. त्या विचारामागे जे प्रयोग होते त्यांत जामखेड एक, आणि ते प्रयोग जिनिव्हापर्यंत पोचवणाऱ्या माणसांत बार्बाडोसची एक नर्स. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्या गावात जी आशाताई दिसते, तिची आजी म्हणजे जामखेडची ती निरक्षर बाई, असं म्हणायला हरकत नाही.

निटाबाईंचं पुढचं आयुष्य म्हणजे सरळ सरळ राजकारणच, फक्त निवडणुकीशिवायचं. १९८५ मध्ये नैरोबीला जगभरातल्या महिला संघटनांचा मेळावा भरला, सुमारे १४ हजार बायका आल्या. त्याच्या प्रमुख संयोजक निटा बॅरो. चौदा हजार! आपल्या गॅदरिंगला चारशे पोरं सांभाळताना आपल्या नाकी नऊ येतात. मग १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारशी बोलायला राष्ट्रकुलाने सात नामवंतांचा गट पाठवला. त्यात ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर, नायजेरियाचे ओबासांजो, आपले सरदार स्वर्णसिंग, आणि एकच बाई, निटा बॅरो. हा गट तुरुंगात जाऊन नेल्सन मंडेलांना भेटला. बोलणी चालू असतानाच, १९ मे १९८६ ला, दक्षिण आफ्रिकेने शेजारच्या तीन देशांवर हल्ले केले आणि सगळं फिसकटलं. त्याच वर्षी त्या संयुक्त राष्ट्रसंघात बार्बाडोसच्या राजदूत झाल्या. १९८८ मध्ये आमसभेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि अर्जेंटिनाच्या उमेदवाराकडून हरल्या. १९९० मध्ये बार्बाडोसच्या गव्हर्नर जनरल झाल्या. डिसेंबर १९९५ मध्ये त्या पदावर असतानाच वारल्या.

आता गव्हर्नर जनरल म्हणजे काय, ते बघा. तेव्हा बार्बाडोसची राणी म्हणजे इंग्लंडचीच राणी (२०२१ मध्ये त्यांनी तो संबंध तोडला आणि प्रजासत्ताक झाले). तिची तिथली प्रतिनिधी म्हणजे गव्हर्नर जनरल. आपल्या राज्यपालांसारखं पद. पंतप्रधान सांगेल त्यावर सही करायची. लक्षात आलं का? मुंबईच्या बेटावर नर्स महापौर झाली, बार्बाडोसच्या बेटावर नर्स गव्हर्नर जनरल झाली, आणि दोन्ही खुर्च्या मानाच्या, अधिकाराच्या नाहीत. समाज नर्सला हार घालायला तयार आहे, चेकबुक द्यायला नाही.

अपवाद आहे, आणि तो खास आपल्यासाठी. अमेरिकेत टेक्सासच्या डल्लासमध्ये एडी बर्निस जॉन्सन नावाची नर्स होती, मनोरुग्णांच्या विभागात काम करणारी. १९९२ मध्ये ती अमेरिकन संसदेत निवडून गेली. नोंदणीकृत परिचारिका तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. तीस वर्षं टिकली. २०१९ ते २०२३ या काळात ती प्रतिनिधीगृहाच्या विज्ञान, अंतराळ आणि तंत्रज्ञान समितीची अध्यक्ष होती. नासाच्या कामावर देखरेख ठेवणारी समिती ती! रॉकेट सायन्सवर प्रश्न विचारणारी बाई पूर्वी वॉर्डात ड्युटी करायची, हे आपल्यातल्या "आम्ही टेक्निकल" म्हणणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावं.

तसं नर्स आणि टेक्निकल हे नातं जुनंच आहे. हातात दिवा घेतलेली नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटते. पण १८५८ मध्ये तिने सैनिकांच्या मृत्यूंचा जो गोल पाकळ्यांचा आलेख काढला तो पुस्तकात नसतो. गोळी लागून मेलेले कमी, घाणीतून आलेल्या रोगांनी मेलेले जास्त, हे तिने सरकारला चित्रात दाखवलं. भारतात ती कधी आली नाही, पण इथल्या छावण्यांतून आलेले कागद तपासून इथल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ आहे आणि त्याचं कारण गटारं आणि पाणी आहे, असं मांडणाऱ्या १८६३ च्या अहवालामागे तिचीच मेहनत होती. मत देण्याचा हक्कसुद्धा नसलेली बाई सरकारला ड्रेनेज शिकवत होती. सिव्हिलवाल्यांनो, तुमच्या एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या पेपरला तिचा फोटो लावायला हवा.

मग आपल्याकडे नर्स राजकारणात का येत नाही? हुशारी कमी म्हणून? अजिबात नाही. कारण रचनेत आहे, आणि ते मला माझ्या मावशीमुळे कळलं.

मावशी जिंतूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम आहे. गाव तिला नर्सबाई म्हणतं. साधारण ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी हिशोब आहे. म्हणजे पाच हजार माणसांची तब्येत तिच्या रजिस्टरात. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाचं बाळ वजनात भरत नाही, कोण दारू पितो, कोणाच्या हिरीचं पाणी खराब आहे, सगळं तोंडपाठ. लसीचा डबा दोन ते आठ डिग्रीत राहिला पाहिजे म्हणून उन्हाळ्यात लाईट गेली की ती बर्फासाठी जी धावपळ करते ती बघून मला आमच्या रेफ्रिजरेशनच्या प्रॅक्टिकलची लाज वाटली.

मागच्या खेपेला त्या गावाचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. गावातल्या काही बायकांनी मावशीला गळ घातली, नर्सबाई तुम्ही उभ्या ऱ्हा. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडेच होतो. म्हटलं, "मावशे, राहा की उभी. निम्म्या गावाला सुई तूच टोचलीस, मतं पक्की."

"नौकरी सोडून?" ती म्हणाली. "अन् पेन्शन काय तुझा बाप देतो का?"

नियम असा आहे. एएनएम ही जिल्हा परिषदेची कर्मचारी. जिल्हा परिषद सेवेच्या वर्तणूक नियमांप्रमाणे तिला राजकारणात भाग घेता येत नाही, निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा. सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेसना असाच नियम. जी कंत्राटावर आहे, अकरा-अकरा महिन्यांच्या, तिला तर वेगळी भीती घालायची गरजच नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. लस टोचणारीच प्रचार करायला लागली तर उद्या एका पार्टीचं पोर लस घेणार नाही. पण परिणाम काय होतो बघा. डॉक्टरचा स्वतःचा दवाखाना असतो, बाजारपेठेत. सकाळी पेशंट, संध्याकाळी सभा. फी न घेतलेला प्रत्येक पेशंट म्हणजे एक मत. वकिलाचं ऑफिस आहे, कंत्राटदाराचं तर विचारूच नका. शिक्षकाला निदान संध्याकाळ मोकळी. नर्सचा स्वतःचा दवाखाना असू शकत नाही, ती कायम कुणाची तरी पगारदार. त्यात तीन पाळ्या. राजकारण चालतं संध्याकाळी सातनंतर चहाच्या टपरीवर, आणि त्या वेळी ती एकतर ड्युटीवर असते नाहीतर घरी भाकरी थापत असते. पेडणेकरबाई असोत की जॉन्सनबाई, दोघींनाही एका टप्प्यावर गणवेश खुंटीला टांगावाच लागला. तो टांगण्याची ऐपत कितीजणींची?

त्या गावात शेवटी सरपंच झाली एक चांगली बाई. सही तिची असते. ग्रामसभेत बोलतो तिचा नवरा. गावाच्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर किती टाकायची यावर मावशीचं आणि त्या नवऱ्याचं एकदा वाजलं. मावशी प्रमाण सांगत होती, तो म्हणत होता वास येतो, लोक नाराज होतात. मावशीने वाद घातला नाही. तिने गावातल्या सात-आठ सासवांना बोलावून कावीळ कशाने होते ते समजावून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पावडर पडली. खुर्चीवर तो होता, आणि काम कुणी करून घेतलं ते तुम्हाला कळलंच.

मावशीची दोन वर्षं राहिलीत. रिटायर झाली की नियम आडवा येत नाही, पेन्शन चालू राहते आणि पाच हजार लोक नावानिशी ओळखतात. मी तिला हा सगळा हिशोब वहीवर मांडून दाखवला. तिने चष्मा लावून वाचला. म्हणाली, पहिले तर आरक्षणाची सोडत कशाची निघते ते बघू, आणि दुसरं म्हणजे हिरीचं पाणी तपासायला पाठवलंय, त्याचा रिपोर्ट परभणीहून आणून दे.